वळचणीचे पाणी कुणाच्या टाकीत?

मृग जवळ आला की सरकारी भिंतींना कंठ फुटतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, पंचायत समितीच्या फाटकावर एकच वाक्य रंगवलेले असते: पावसाचा थेंब न थेंब अडवा. शाळेतल्या पोरांची प्रभातफेरी निघते, साहेब जलशपथ देतात, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. आमचे या वाक्याशी भांडण नाही. थेंब अडवलाच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे की तो अडवायचा कशावर? छपरावर की जमिनीवर? आणि ज्याच्याकडे या दोन्हींपैकी एकही धड नाही, त्याने तो ओंजळीत अडवायचा काय?

असा प्रश्न विचारला की पाण्याच्या क्षेत्रातले सज्जन दुखावतात. अहो, पाण्यात तरी जात आणू नका, पाऊस काय जात बघून पडतो? नाही पडत. हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. ढगातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा प्रवास, या देशात पाणी तेवढाच वेळ जातीबाहेर असते. टेकले की त्याला मालक मिळतो. पाटलाच्या वावरात पडलेले पाटलाच्या विहिरीत झिरपते. सोसायटीच्या गच्चीवर पडलेले सोसायटीच्या टाकीत उतरते. आमच्या वस्तीतल्या पत्र्यावर पडलेले पागोळ्यांनी खाली येते, अंगणात चिखल करते आणि शेजारणीच्या उंबऱ्यात घुसते. पाऊस तोच असतो, पण एकाच्या घरी त्याची संपत्ती होते आणि दुसऱ्याच्या घरी राडा होतो.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही, कायदाच म्हणतो. इंग्रजांनी १८८२ साली केलेला इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट उघडून बघा. त्याच्या सातव्या कलमाखालच्या उदाहरणात साफ लिहिले आहे की ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे आणि जमिनीवरचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे पावसाचे पाणी जमिनीला बांधलेले आहे, आणि जमीन कुणाला बांधलेली आहे हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. त्यानंतरच्या योजनाही याच रुळावरून धावतात. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' आले. नाव ऐकून वाटेल, मागितले की मिळाले. अट वाचली तर किमान ०.६० हेक्टर जमीन हवी होती. भूमिहीन मजुराने मागितले तर? तर तो 'मागेल त्याला' मधला 'त्याला' नाही. शिवाय त्यातली कित्येक तळी प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली गेली, हा वेगळाच तमाशा. पावसाच्या नावाने खणलेल्या खड्ड्यात सगळ्या गावाचे भूजल उपसून ठेवायचे आणि त्याला जलसंधारण म्हणायचे.

शहरातही तेच. मुंबईत नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती आधी हजार चौरस मीटरच्या भूखंडांसाठी झाली आणि नंतर ती तीनशे चौरस मीटरवर आणली गेली. सक्ती चांगलीच आहे. पण ज्याचे सगळे घर दहा बाय बाराचे, त्याचा या धोरणात उल्लेख कुठे आहे? उल्लेख आहे, पण दुसऱ्या खात्यात. झोपडपट्टीतली बाई चार पिंपे लावून ताडपत्रीवरचे पाणी धरते, तेव्हा कीटकनाशक खात्याची माणसे येतात, डासांच्या अळ्या दाखवतात, पिंप उपडे करतात, नोटीस देतात. डेंग्यूचा डास खरा आहे, आम्ही तो नाकारत नाही. पिंपाला घट्ट झाकण आणि वर बारीक जाळी हवीच. पण सोसायटीने पाणी साठवले तर पर्यावरण आणि वस्तीने साठवले तर रोगराई, ही भाषा आम्हाला ओळखीची आहे. झाकण फुकट देणारे खाते आम्ही अजून पाहिलेले नाही. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका नळच देत नव्हती आणि पाण्याचा हक्क घराच्या कायदेशीरपणावर टांगता येणार नाही हे सांगायला २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला बसावे लागले. ज्याला नळ नाही तो पिंप भरणार नाही तर काय करणार?

आता 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या मंत्राकडे येऊ. गावातल्या टवाळ पोरांनी या घोषणेचे 'एकमेकांची अडवा, एकमेकांची जिरवा' केले त्याला कित्येक वर्षे झाली, आणि आमच्या मते त्या पोरांना योजना सल्लागारांपेक्षा जास्त कळली होती. जिरवलेले पाणी जाते कुठे? खाली. आणि खालून वर येते ते कुणाच्या मोटारीने? ज्याचे बोअर, ज्याचे वीज कनेक्शन, ज्याचा सातबारा त्याच्याच. वस्तीतल्या माणसाने श्रमदान करायचे, चर खोदायचे, टोपल्या वाहायच्या आणि मार्चमध्ये त्याच पाण्यासाठी त्याच मालकाच्या विहिरीवर घागर घेऊन उभे राहायचे. जमीनवाल्यासाठी जिरवणे ही बचत असते. बिनजमिनीच्या माणसाच्या दृष्टीने ते पाणी गेले ते गेलेच. त्याला जिरवायचे नसून साठवायचे असते. आपल्या दारात, आपल्या झाकणाखाली, आपल्या घरातल्या बाईच्या हाताला येईल असे.

विदर्भातला खारपाणपट्टा घ्या. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण खारट. पिऊन किडन्या जातात अशी तिथल्या लोकांची वर्षानुवर्षांची तक्रार. अशा ठिकाणी गोडे पाणी जिरवा म्हणणे म्हणजे मिठाच्या डब्यात साखर ओतणे. तिथे छपरावरचे पाणी जमिनीला लागण्याआधी धरले तरच ते पिण्याचे राहते. पाऊस बरा पडतो, सातशे-आठशे मिलिमीटर. याच पट्ट्यात गावोगावी बौद्ध वस्त्या आहेत, पंचशीलाचा ध्वज आहे, विहार आहे. पण विहाराच्या स्लॅबला पन्हळ नाही. पुढे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे गेलात तर खारटपणाऐवजी फ्लोराइड भेटते. दात पिवळे, हाडे वाकलेली. ज्याला परवडते तो जार विकत घेतो किंवा घरात फिल्टर बसवतो. हातपंपाचे पाणी कोण पितो ते सांगायला सर्वेक्षण नको.

मग हिशेबच मांडू. आकड्यांना घाबरायचे नाही, बाबासाहेब अर्थशास्त्री होते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सरकारने घरकुलासाठी ठरवलेले क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. प्रधानमंत्री आवासचे तेच, रमाई आवासचे तेच. दुष्काळी तालुक्यात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर या छपरावर १५,००० लिटर पडते. उडून, सांडून, पहिल्या धुण्यात पाचवा हिस्सा गेला समजा, तरी १२,००० लिटर उरते. आता पाच माणसांच्या घराला पिण्याला आणि रांधायला माणशी पाच लिटर, म्हणजे दिवसाला २५ लिटर लागते. ऑक्टोबर ते मे असे कोरडे आठ महिने, २४० दिवस धरा. लागले ६,००० लिटर. म्हणजे साडेसहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, पाच फूट खोल एवढी टाकी. पाऊस निम्म्यावर आला, ३०० मिलिमीटरच पडला, तरी या छपरावरून ६,००० लिटर मिळते आणि ती टाकी एकदा भरते.

पुन्हा वाचा. सरकार ज्याला किमान घर म्हणते, त्याच घराचे छप्पर त्या घराला आठ महिने पाजू शकते. आणि तरीही त्या घराच्या अंदाजपत्रकात पन्हळ नाही, टाकी नाही. केंद्राने मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले, त्यात भिंत येईपर्यंत पैसे संपतात. स्लॅब परवडत नाही म्हणून वर पत्रा पडतो, वळचण उघडीच राहते. घरकुलाच्या फोटोत लाभार्थी दारात उभा असतो, हप्त्यासाठी तो फोटो अपलोड होतो. त्याच दाराशी पावसाळ्यात पातेली, बादल्या, डबे मांडलेले असतात. पागोळ्यांखाली भांडी लावायचे शहाणपण आमच्या आयाबायांना कुणी शिकवले नाही. टाकी बांधायला जागा आणि पैसा नव्हता म्हणून ते बादलीत थांबले.

जागेचे तर विचारूच नका. वस्तीतली निम्मी घरे गायरानात. नमुना आठ नावावर नाही म्हणून घरकुल नाही, घरकुल नाही म्हणून पक्के छप्पर नाही, पक्के छप्पर नाही म्हणून पाणी साठवायला काही नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानातली अतिक्रमणे नियमित करू असा शासन निर्णय १९९१ साली झाला. तारीख तेवढी आमच्या सोयीची निवडली, बाबासाहेबांची जन्मशताब्दी! पुढे किती जणांच्या हातात कागद पडला, ते वस्तीत जाऊन विचारा. पारधी बांधवांच्या पालावर हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. ताडपत्रीचे छप्पर पाण्याला धरत नाही आणि सरकारच्या व्याख्येतही बसत नाही.

म्हण आहे, वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही. खालचे वर चढायचे नाही, असा या म्हणीचा रोख. पाणी चढत नाही हे खरे. पण ते वळचणीवरून खाली येताना कुणाच्या भांड्यात पडावे हे काही निसर्ग ठरवत नाही. ते अंदाजपत्रक ठरवते.

इथे परंपरावाले हात वर करतील. आपल्या पूर्वजांकडे किती थोर जलज्ञान होते! तलाव, बारव, कुंड, हौद! गेल्या तीस-चाळीस वर्षांत या विषयावर हिंदी-इंग्रजीत गाजलेली पुस्तके आली, त्यांची भाषांतरे झाली, शिबिरांतून पारायणे झाली. तलाव कसा खणला, पाळ कशी बांधली, सगळे गाव कसे एकदिलाने राबले, हे वाचताना डोळे पाणावतात. मात्र त्या एकदिल गावात तलाव खणणारा त्याच तलावाच्या कोणत्या काठावर उभा राहू शकत होता, हा प्रश्न त्या भक्तिभावात बुडून जातो. मुकुल शर्मा यांनी 'कास्ट अँड नेचर' या २०१७ च्या पुस्तकात भारतीय पर्यावरणवादाचे हे जातआंधळेपण नीट उघडे पाडले आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी वाचावे. आम्ही आमच्या शब्दांत सांगतो: बारवेचे शिल्प सुंदर आहे, पण तिच्या पायऱ्या आमच्या आजोबांसाठी नव्हत्या. तिच्या सौंदर्याचे कौतुक आम्ही पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यासारखे करू. तिचा काळ परत यावा असे आम्हाला वाटत नाही.

परंपराच हवी असेल तर आमच्याकडे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. डोंगराच्या उतारावर पावसाचे पाणी वळवणारे खोदीव चर आणि लेण्यालेण्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखात त्याला 'पोढी' म्हटले आहे, आणि पोढी खोदवून देणे हे दान म्हणून नोंदवलेले आहे. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्षुणी आहेत. म्हणजे छपरावरून, कड्यावरून येणारे पाणी राहत्या जागेपाशी झाकून ठेवायचे तंत्र या महाराष्ट्रात दोन हजार वर्षांपूर्वी धम्माच्या माणसांनी वापरले. भिक्षूच्या आठ वस्तूंत पाणी गाळायचे फडके असते हेही विसरू नका. महाडला जाणाऱ्यांनी एकदा मुंबई-गोवा रस्त्यालगतच्या गांधारपाले लेण्यांवर चढावे. चवदार तळ्याच्या गावाच्या माथ्यावरच बौद्ध लेण्यांतली पाण्याची टाकी आहेत. २० मार्चला लाखोंची गर्दी खाली तळ्यावर होते, वर फारसे कुणी चढत नाही.

आणि घरच्या हौदाचा इतिहास म्हणाल तर तो जोतीरावांचा आहे. पुण्यात पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून हौद बांधले, पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांना त्या पाण्याचा काय उपयोग? १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. घरचा हौद ही खाजगी चीज होती. तिच्यावर कुणाची सक्ती नव्हती. तरी ती खुली झाली, कारण मालक जोतीराव होते. त्याच जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना पावसाचे पाणी ताली-बंधारे घालून कसे मुरवावे आणि त्या कामी सरकारने आपले पलटणीतले शिपाई कसे लावावेत, तेही सांगितले. म्हणजे सरकारी यंत्रणेने राबावे, शेतकऱ्याने नव्हे. आज उलटे झाले आहे. सरकार शपथ देते आणि श्रमदान आपण करायचे.

आता आपल्याच लोकांच्या एका आक्षेपाशी येतो, कारण तो वजनदार आहे. चळवळीतले काही जाणते म्हणतात: घरोघरी टाकी मागणे म्हणजे सार्वजनिक पाणवठ्यावरचा हक्क सोडून देणे. बाबासाहेब महाडला गेले ते पाण्यावाचून मरत होतो म्हणून नव्हे, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला गेले. मग तुम्ही आता 'आमचे आम्हाला वेगळे द्या' असे म्हणणार का?

महाडचा घटनाक्रम आठवा. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे ठीक. २० मार्च १९२७ ला प्रत्यक्ष ओंजळ भरली तेव्हा डोकी फुटली, आणि मग गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' झाले. नगरपालिकेने आपला ठराव फिरवला. तळे खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. म्हणून कुणी आम्हाला स्वतंत्र विहीर देऊ केली की आमच्या अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. १९३२ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांनी ठक्करांना पत्र लिहून बजावले होते की अस्पृश्यता निवारण करायचे असेल तर विहिरी, शाळा, चावडी यांवरचे नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम काढा, दयेची कामे नकोत. ते ऐकले गेले नाही. हरिजन सेवक संघाची वाट दयेच्या कामांचीच राहिली. वेगळी विहीर म्हणजे गावाने एका जातीला दाखवलेली जागा. इथेच प्या, तिकडे येऊ नका.

घरावरची टाकी तशी नाही. ती गाव देत नाही, जातीला मिळत नाही. ती घराचा भाग आहे, जशी चूल, जशी मोरी. अहमदाबादच्या पोळींमधल्या जुन्या वाड्यांत अंगणाखाली पावसाच्या पाण्याचे टांके आहेत. ते वेगळे पाणी आहे असे कुणी म्हटले का? पाटलाच्या वाड्यात आड होता, म्हणून पाटलाचा गावविहिरीवरचा हक्क गेला का? ज्याच्या घरात पाणी असते तो सार्वजनिक पाणवठ्यावर ताठ मानेने जातो. ज्याच्या घरात घोटभरही नसते त्याला उन्हाळ्यात विहीरमालकाशी, टँकरवाल्याशी, ज्याच्या शेतात खुरपायला जायचे त्याच्या बायकोशी जपून बोलावे लागते. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार दिली की दुसऱ्या दिवशी पाणी बंद. बहिष्काराचे पहिले हत्यार नेहमी पाणी असते, दुसरे किराणा आणि तिसरे मजुरी. सहा हजार लिटरची भरलेली टाकी असेल तर पिण्यापुरते हे हत्यार बोथट होते. म्हणून ही टाकी आम्ही महाडच्या पुढची पायरी मानतो.

पण एक सावधगिरी. उद्या हेच सरकार म्हणेल, टाकी दिली ना, मग नळ कशाला? जलजीवन मिशनचे मोजमाप माणशी दररोज ५५ लिटर आहे. पाच माणसांना २७५ लिटर. आमची ६,००० लिटरची टाकी या हिशेबाने बावीस दिवसही पुरणार नाही. अंघोळ, धुणे, संडास, जनावर यांना नळच हवा. टाकी पिण्याला आणि रांधायला, आणि नळ कोरडा पडतो त्या दिवसांना. आणि कोकणात, जिथे पावसाने घरे वाहून जातात आणि एप्रिल-मेमध्ये टँकर लागतात, तिथे तर हा प्रश्न विचारायलाच हवा. महाडला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच २५ चौरस मीटरचे छप्पर, तोच पाचवा हिस्सा वजा, तरी ६०,००० लिटर. सगळे सावित्रीला आणि समुद्राला. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत मजूरमंत्री बाबासाहेबांनी हेच मांडले होते की पाणी ही संपत्ती आहे, जास्त पाण्याला शत्रू समजून वाट काढून देऊ नका, साठवा. ते महानदीबद्दल बोलत होते. पन्हळीला वेगळा सिद्धान्त लागत नाही.

सार्वजनिक हक्काबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांकडून ती सुटते. टंचाईत तहसीलदार खाजगी विहिरी अधिग्रहित करतात, मालकाला सरकारी पैसा मिळतो. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी आणि तलाव आले आहेत. आमच्या मते अधिग्रहणाच्या काळात ती विहीर याच कक्षेत येते. मालक 'तुम्ही बाजूला थांबा, आमची बाई ओतेल' म्हणू शकत नाही. म्हणाला तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात विहीर, तळे, टाकी, नळ वापरू न देणे हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. अधिग्रहणाची यादी तहसीलमध्ये मिळते. ती वस्तीत लावा.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, फुलांच्या माळा. त्याच उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातली एक बातमी आली. मालेगाव तालुक्यातल्या एका दलित मजुराच्या पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले, म्हणून त्याने एकट्याने चाळीस दिवसांत विहीर खोदली. पाणी लागले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'महाराष्ट्राचा दशरथ मांझी' केले. मांझीही मुसहर, हाही दलित. आमच्या माणसाने डोंगर फोडला, जमीन फोडली की या देशाला फार प्रेरणा मिळते. विहीर नाकारणाऱ्याचे काय झाले? मजुराने त्याचे नावही घ्यायचे टाळले, असे छापून आले होते. गावात राहायचे होते त्याला. एकट्याने खणून काढण्याच्या या गोष्टी आता पुरे झाल्या. जिथे शासनाने पैसा मोजून टाकी बांधायची, तिथे दलिताने पहार घेऊन नायक व्हायचे, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

पैसा नाही असे सांगू नका. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी आहे, वस्ती विकासाचा निधी आहे. तो कुठल्या कमानीत आणि कुठल्या सिमेंट रस्त्यात जातो ते आपण पाहतोच. हा निधी दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रातही तसा कायदा ही आपली जुनी मागणी आहे. तोवर आहे त्या निधीतून रमाई आवासच्या प्रत्येक घराला पन्हळ, गाळणी आणि झाकणाची टाकी अंदाजपत्रकातच धरली जावी. पुरवणी म्हणून नको, 'निधी उपलब्धतेनुसार' तर नकोच.

आणि थोडे आपल्याकडेही बघू. विहाराचा किंवा समाजमंदिराचा स्लॅब ६० चौरस मीटरचा असला तर ६०० मिलिमीटरच्या गावातही त्यावरून २८,८०० लिटर पाणी उतरते. जयंतीच्या वर्गणीतून दोन दिवस डीजे वाजतो. एका वर्षी तोच पैसा पन्हळीला आणि टाकीच्या खड्ड्याला लागला तर मिरवणुकीची शान कमी होणार नाही. काम अवघड नाही. मृगाचे पहिले दोन पाऊस स्लॅब धुऊन जाऊ द्यायचे, ते पाणी टाकीत घ्यायचे नाही. त्यासाठी पाइपाला बाहेर सोडणारे बूच ठेवायचे. खडी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून पाणी टाकीत घ्यायचे. टाकीत ऊन शिरता कामा नये, शेवाळ धरते. हवेच्या भोकाला डास जाणार नाही अशी बारीक जाळी. प्यायच्या आधी क्लोरीनचे थेंब किंवा उकळी. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचे असेल किंवा पत्रा गंजलेला असेल तर ते पाणी पिण्याला नको, धुण्याभांड्याला घ्या.

१ मेला ग्रामसभा असते. वस्तीतल्या बाया मोठ्या संख्येने न्या, पाणी त्या भरतात. ग्रामसेवकाला तीन गोष्टी लेखी विचारा: गेल्या पाच वर्षांत वस्ती विकासाचा निधी किती आला व कशावर खर्च झाला, घरकुलाच्या किती घरांना पन्हळ आहे, आणि नमुना आठ नावावर नसलेल्या घरांची यादी कुठे आहे. टाकीचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सूचक-अनुमोदकाची नावे वाचून दाखवायला सांगा. 'पुढच्या सभेत बघू' म्हणाले तर पुढची सभा १५ ऑगस्टला आहे, तोवर निम्मा पाऊस वळचणीवरून गेलेला असतो, हेही तिथेच सांगा.